कानबाई चष्मा काढते तेव्हा

अंगात येण्याआधी मी चष्मा काढला, पदरानं पुसला, डबीत घातला आणि डबी कमरेला नीट खोचली... ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक. कुणी म्हणेल, खोटंखोटं अंगात आणणं ही चूक नव्हती का? होतीच. पण ती पचून गेली असती. चष्मा पचला नाही. जिच्या अंगात देवी येते ती बाई काच फुटेल म्हणून आधी सोय बघत नाही, एवढी साधी गोष्ट बी. ए. झालेल्या मला सुचली नाही. आणि ती नेमकी जिच्या नजरेत भरली त्या माझ्या नणंदेनं, वत्सलाअक्कांनी, पुढं उभा जन्म मला ती विसरू दिली नाही.

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हाही मी चष्माच शोधत होते. फोनवर कुणाचं नाव आलंय ते दिसेना, म्हणून नुसताच कानाला लावला. पलीकडं धुळ्याची रेखा. ही रेखा चांगली नावाजलेली डॉक्टर आहे, पण त्या सकाळी तिचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा झाला होता. "काकू, आत्या गेल्या हो. झोपेतच गेल्या. रात्री मीच बी.पी. बघून आले होते..." आणि खरं सांगते, मनात पहिला विचार काय आला? सुटले बाई! आता चष्म्याची गोष्ट चारचौघांत सांगणारं कुणी उरलं नाही. हसू नका. माणूस गेल्यावर पहिल्या क्षणी मनात काय येईल, ते आपल्या हातात नसतं. त्यानंतर मात्र दहाव्याला मी ती गोष्ट रेखाला सांगितली, तेराव्याला अक्कांच्या भाचेसुनांना सांगितली, परवा भाजीवाल्या बाईला सांगितली, आणि आता तुम्हाला सांगायला बसले आहे. सांगणारी गेली, मग कुणीतरी सांगायला नको का?

अक्का म्हणजे यांची मोठी बहीण. धुळ्याला देवपुरात राहायच्या. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत शिवणक्लास आणि मागं दोन खोल्या, असा त्यांचा संसार. उंच, सडसडीत, आणि आवाज असा की त्यांनी देवपुरात हाक मारली तर पांझरा नदीपलीकडच्या माणसानं ओ द्यावी. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली. तिथं घरात पुस्तकी मराठी आणि दारात हिंदी; सासरची अहिराणी माझ्या कानाला नवीन. लग्नानंतर पहिल्याच थंडीत माझ्यावर भरीत करायची वेळ आली आणि मी ती सुंदर, हिरवी, हातभर वांगी कुकरला लावून शिट्ट्या केल्या. अक्का पाहुण्या आल्या होत्या. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "सुमन, ह्या वांगासनी काय पाप करं व्हतं वो?" मग स्वतः मागच्या अंगणात काटक्या पेटवून दुसरी वांगी भाजायला बसल्या. मला शेजारी बसवलं. धुरानं माझा चष्मा काळा झाला तेव्हा स्वतःच्या पदरानं पुसून परत माझ्या नाकावर ठेवला. आमची मैत्री त्या धुरात झाली. म्हणजे त्या मला चिडवायच्या आणि मी चिडायचे, अशी ती मैत्री. दोघींपैकी कुणीही कधी काम टाळलं नाही.

आता मूळ गोष्ट. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराची. आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहत होतो. हे शाळेत गणित शिकवायचे. आमची थोरली ज्योती बारावीला असे मार्क घेऊन आली की यांनी पेढे वाटायला स्कूटर काढली आणि पेढे घरीच विसरून गेले. पोरगी डॉक्टर होणार हे नक्की झालं. प्रश्न उरला तो कुठं. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. पुण्याचं सरकारी कॉलेज जुनं, मोठं नाव असलेलं. ज्योतीचा नंबर दोन्हीकडं लागत होता. श्रावणातल्या एका बुधवारी पुण्याला जाऊन मुलाखतीत सांगायचं होतं, हे की ते. एकदा सांगितलं की सांगितलं.

यांनी हा प्रश्न गणितासारखा सोडवायला घेतला आणि त्यात अडकून पडले. सकाळी उठले की धुळं. "दोन-अडीच तासांत एस.टी. पोचते. ताई आहे तिथं. घरचं अन्न." संध्याकाळी शाळेतून आले की पुणं. "शंभर वर्षांचं नाव म्हणजे काही खायचं काम नाही. ग्रंथालय बघ. पेशंट बघ किती प्रकारचे." मध्ये जो भेटेल त्याला विचारायचे. न्हाव्याला विचारलं, हेडमास्तरांना विचारलं, पिंप्राळ्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला विचारलं. रिक्षावाला म्हणाला, "सर, जिथं सोडायचं तिथं सोडतो, पण आधी बसा तर." एका माणसाला मात्र आम्ही दोघांनीही विचारलं नाही... ज्योतीला. ती बोलायची कमी. "तुम्ही म्हणाल ते," एवढं एकदा म्हणाली होती. आम्ही ते आज्ञाधारकपणाचं सर्टिफिकेट समजून कपाटात ठेवून दिलं.

माझं मत पक्कं होतं. धुळं. त्यात अभ्यासाबिभ्यासाचा काही विचार नव्हता हो. पोरगी पुण्याला गेली तर ती माझ्या हातची राहणार नाही, एवढंच मला कळत होतं. तिकडं ती काय खाईल, कुणाशी बोलेल, आजारी पडली तर कोण बघेल... मेडिकल कॉलेजात आजारी पडलेल्या पोरीला कोण बघेल, अशी चिंता करणारी मी जगातली एकमेव आई असेन. शिवाय मला खात्री होती, की अक्का माझ्या बाजूच्या. असणारच! निकाल लागल्याचं कळलं त्याच आठवड्यात त्यांनी देवपूरच्या घरातली मागची खोली रिकामी केली, चुना मारला, खिडकीला नवीन पडदा शिवला. आणि क्लासातलं कापड बेतायचं मोठं सागवानी टेबल, ज्यावर त्यांचा सगळा धंदा चालायचा, ते सुताराकडून तासून, पॉलिश करून घेऊन त्या खोलीत खिडकीजवळ नेऊन ठेवलं. ज्योतीला अभ्यासाला. स्वतः त्या दिवसापासून ब्लाऊज जमिनीवर, गुडघ्यांवर बसून बेतायला लागल्या. मी म्हटलं, "अक्का, पाठ जाईल तुमची." तर म्हणाल्या, "जाऊ दे. डॉक्टर घरमा ई राह्यनी ना."

ज्योती ती खोली बघायला एक दिवस धुळ्याला जाऊन आली. मी विचारलं, "आवडली का गं?" म्हणाली, "आवडली." झालं. मला वाटलं, निकाल लागला. आता यांना तेवढं वळवायचं. मी उपास करून पाहिला, तर यांनी माझ्या वाटचंही खाल्लं. रडून पाहिलं, तर म्हणाले, "तुझ्या रडण्यातही एक मुद्दा आहे." आणि मग रविवार आला, कानबाईचा.

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळालाच नथ, डोळे, दागिने घालून देवी करतात. आमच्याकडं कानबाई आणि तिची बहीण रानबाई, अशा दोघी बसायच्या. गावाकडचे सगळे भाऊबंद जमतात, रात्रभर गाणी होतात, आणि सोमवारी सकाळी दोघींना डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, फुगड्या घालत पाण्यावर पोचवायला जातात. या सणाचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळायचा आणि त्याचे जाडजूड पोळ्यांसारखे रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेल्या लेकीला ते चालत नाहीत. म्हणजे अक्का दरवर्षी यायच्या, रोट थापायच्या, भाजायच्या, सगळ्यांना वाढायच्या आणि स्वतः वरणभात खायच्या. विधवा म्हणून पूजेतही मागं मागंच असायच्या. गाण्यांचं मात्र त्यांच्यावाचून पान हलायचं नाही.

त्या वर्षी गहू काढताना अक्का शेजारी बसल्या होत्या. यांच्या नावाची मूठ झाली, दिरांची झाली, पोरांची झाली. ताट उचलणार तेवढ्यात अक्कांनी हात घातला आणि आणखी सव्वा मूठ टाकली. "ही ज्योतीनी."

एक म्हातारे चुलत सासरे, नाना, पलंगावरून ओरडले, "पोरनी मूठ कवयपासून घेतंस?"

"आजपासून," अक्का म्हणाल्या. "डॉक्टर व्हयी ती. हाई बठ्ठा भाऊबंद आजारी पडतीन, तवय कोनाकडे जातीन नाना? तुम्ही ते पह्यले जाशात."

नानांना दमा होता. मला तेव्हा वाटलं, बघा, अक्कांना ती पोर आपल्या घरात किती हवी आहे. माझा हुरूप वाढला. त्या रात्री गाणी चालू असताना, दरवर्षी कुणा ना कुणा बाईच्या अंगात येतं तसं गावाकडच्या एका सासूबाईंच्या अंगात आलं. त्यांनी "नवस फेडा" म्हणून सांगितलं आणि ज्यांनी फेडला नव्हता ते चुलत दीर मुकाट्यानं नारळ आणायला पळाले. मी ते बघितलं. एवढा मोठा माणूस, सोसायटीचा चेअरमन, आणि पळाला! हेही देवीला फार मानायचे. माझ्या डोक्यात दिवा पेटला. कसला दिवा, चिमणीच ती. नुसता धूर.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. आमच्या वस्तीमागं तेव्हा केळीचे मळे होते, त्यातल्या एका विहिरीवर जायचं होतं. पुढं हलगी, मग डोक्यावर देव्या घेतलेल्या दोघी सुना, मग आम्ही बायका. केळीच्या बांधावर पोचल्यावर मी ठरवलं, आता. माझा नंबर तेव्हाही मोठा होता, आणि चष्मा नवा, नाजूक काड्यांचा होता. मी बाजूला झाले, चष्मा काढला, पुसला, डबीत घातला... ते तुम्हाला ठाऊक आहेच. मग केस मोकळे सोडले आणि घुमायला लागले.

घुमणं सोपं असतं. बोलणं अवघड. बायका गोल करून उभ्या राहिल्या. कुणी माझ्या पायावर पाणी घातलं, कुणी कपाळाला कुंकू फासलं. "आई, काय म्हनं शे तुन्हं? सांग माय!" आणि मी तोंड उघडलं. रात्रभर मनात अहिराणी जुळवून ठेवली होती, ती ऐनवेळी पार उडाली. मी म्हणाले, "माझी अशी इच्छा आहे, की ज्योतीनं वैद्यकीय शिक्षण धुळ्यासच घ्यावं."

हलगीवालाही थांबला. कानबाई आकाशवाणीवर बातम्या सांगते तशी बोलेल, असं कुणाला वाटलं नव्हतं. पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. मी पुढं म्हणाले, की मेसचं अन्न पोटाला बरं नसतं. की मुलीनं दर शनिवारी घरी यावं. की धुळ्याहून शेवटची एस.टी. चुकवू नये. हे समोर हात जोडून उभे होते ते मला अंधुक दिसले. त्यांनी फार आदरानं विचारलं, "आई, पण दोन्ही कॉलेजं सरकारीच आहेत ना... मग पुण्याला नेमकी काय अडचण?" अंगात आलेलं असतानासुद्धा मला या माणसाचा संताप आला. तेवढ्यात शेजारच्या निर्मलाबाईंनी माझे पाय धरले. "आई, मन्हा गुडघा कवय बरा व्हयी?" मी म्हणाले, "डॉक्टरांना दाखवा." आता तुम्हीच सांगा. देवीला गुडघा विचारला तर देवी असं म्हणते का?

आणि तेव्हा मागून आवाज आला. अक्कांचा आवाज मी ओळखत होते, पण हा तो नव्हता. खालून, पोटातून आलेला. बायका बाजूला झाल्या. मला दिसलं एवढंच, की एक उंच पांढरा आकार केस सोडून घुमत पुढं येतोय. कुणीतरी ओरडलं, "रानबाई उनी! रानबाई!" आणि बायका धावल्या. पांढऱ्या लुगड्यातल्या अक्कांच्या कपाळभर त्यांनी मळवट भरला. इतक्या वर्षांत त्या कपाळाला कुणी कुंकू लावलं नव्हतं. मला समोर नुसता पांढरा-तांबडा ढग दिसत होता. तो ढग माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि अख्ख्या केळीच्या मळ्याला ऐकू जाईल असं म्हणाला:

"बहीन, तू कोन सांगनारी? मी कोन? शिकनं तिले शे. पोरले इचारा!"

देवीदेवींतच मतभेद झाल्यावर माणसांनी काय करावं, याचा नियम आमच्या कुळात नव्हता. हे तर बिचारे दोघींकडं आळीपाळीनं नमस्कार करत होते. शेवटी नानाच खोकत म्हणाले, "बोलाव रे त्या पोरले." ज्योती मागं, बायकांच्या घोळक्याच्या कडेला उभी होती. तिला पुढं आणलं. रानबाईनं तिचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, आता अगदी हळू, "सांग बेटा. कोठे?"

ज्योतीनं एकदा माझ्याकडं बघितलं असेल. मला दिसलं नाही. मग ती म्हणाली, "पुणं."

एवढंच. अठरा वर्षं माझ्या घरात वाढलेली पोर, पण तिचा असा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. घाबरलेला होता, पण तिचा स्वतःचा होता. हलगी परत सुरू झाली. रानबाईचं ऐकायचं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. कानबाईला कुणी विचारलंही नाही. आणि मी तिथं केस सोडून उभी. अंगात आणायचं कसं ते मी बघून ठेवलं होतं, उतरवायचं कसं ते बघायचं राहून गेलं होतं. मी आपली घुमतेच आहे! शेवटी रानबाई माझ्याजवळ आली, माझ्या कानाला तोंड लावलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "कानबाई, घर जा आते. आनि आधी चष्मा लाय, नही ते विहिरमा पडशी."

मी चष्मा लावला. लावून बघते तो रानबाई पाठमोरी होऊन विहिरीकडं चालली होती.

बुधवारी हे ज्योतीला घेऊन पुण्याला गेले. मी आठ दिवस कुणाशी बोलले नाही. अक्कांशी तर महिनाभर. त्यांच्या अंगात खरंच आलं होतं, की माझ्यासारखंच... हे विचारायची मला चोरी होती. खरं म्हणावं तर देवीनं माझी चोरी पकडलेली, आणि खोटं म्हणावं तर मीच कुठली खरी होते? चष्मा तर देवीलाही दिसलाच असता. अक्का मात्र त्या दिवसापासून हात धुऊन मागं लागल्या. कुठल्याही लग्नात, बारशात, "आमनी सुमनना अंगमा येस बरं का! पन पह्यले तिना चष्मानी सोय करनी पडस." पुढच्या श्रावणात आल्या तेव्हा साडीऐवजी मला चष्म्याची नवी डबी घेऊन आल्या. "लागी गये ते असू दे." त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. दरवर्षी. माझ्या कपाटात इतक्या डब्या झाल्या की नातींनी त्यांत पेनं, क्लिपा, कानातली, काय काय भरून ठेवलंय. या श्रावणात डबी आली नाही...

देवपूरच्या त्या खोलीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. ज्योती पुण्याला गेल्यावर मी म्हटलं होतं, "अक्का, आता ते टेबल पुढच्या खोलीत आणून घ्या. गुडघ्यांवर किती दिवस बेतणार?" त्या हो म्हणाल्या आणि आणलं नाही. मग एक दिवस धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर त्यांना एक पोरगी ट्रंकेवर बसून रडताना दिसली. सातपुड्याकडच्या पाड्यावरची, धुळ्याच्याच मेडिकलला नंबर लागला होता आणि राहायला खोली शोधत होती. अक्का तिला म्हणाल्या, "चाल. टेबल शे मन्हाकडे." खोली आहे असं नाही म्हणाल्या, टेबल आहे म्हणाल्या. ती पोरगी म्हणजे रेखा. रेखामागून तिची मैत्रीण आली, मैत्रिणीमागून धाकट्या बॅचची कुणी. ते घर नंतर कधी रिकामं राहिलं नाही. सगळ्या त्यांना आत्या म्हणायच्या. म्हातारपणी अक्कांना साखर झाली, तेव्हा पाच डॉक्टरणी फोनवर भांडायच्या, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, आणि अक्का फोन बाजूला ठेवून शांतपणे पुरणपोळी खायच्या. पुण्याला शिकलेली आमची ज्योती आणि धुळ्याला शिकलेली रेखा, या दोघींपैकी कोण जास्त हुशार, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोघींचं अक्षर सारखंच वाचता येत नाही. म्हणजे मी ज्या धुळ्यासाठी घुमले ते धुळं काही वाईट नव्हतं हो. माझंच चुकलं होतं. परवा नात मोबाईलवर कॉलेजांची नावं दाखवत आली, "आजी, कुठलं गं?" मी म्हटलं, "मला विचारू नकोस बाई. माझ्या अंगात येईल."

तेराव्याला ज्योती आणि मी त्या मागच्या खोलीत बसलो होतो. टेबल तिथंच, खिडकीजवळ. पॉलिश कधीच उडालंय. लाकडात कापडावर खुणा करायच्या दातेरी चाकाचे जुने ठिपके आहेत, रांगांनी, कुठल्या कुठल्या बायकांच्या ब्लाऊजांच्या गळ्यांचे आणि बाह्यांचे. आणि त्यांच्यावर पोरींनी पेनानं काढलेली हाडं, नसा, एका ठिकाणी अख्खं हृदय. ज्योती त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत होती. मधेच म्हणाली, "आई, मी खोली बघायला आले होते ना, तेव्हा आत्यानं मला इथंच बसवलं होतं. आवडलं का, म्हणाली. मी म्हटलं, खूप आवडलं. आणि मग विचारलं, आत्या, पुण्याला कशी खोली असेल गं?" ती थांबली. "आत्या उठून चहा ठेवायला गेली."

मला मग उन्हाळ्यातली आमची शेवटची भेट आठवली. अक्का याच खोलीत होत्या. पलंग त्यांनी मुद्दाम टेबलाजवळ ओढून घेतला होता. टेबलावर औषधं, पाण्याचा तांब्या आणि कुणा पोरीचं जाडजूड पुस्तक. हात काटकीसारखे झाले होते, जीभ तशीच होती. मला बघितल्याबरोबर, "ये कानबाई!" म्हणाल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हटलं, आता दोघींचंही किती राहिलंय, विचारून टाकावं. मी म्हटलं, "अक्का, एकदाच खरं सांगा. त्या दिवशी तुमच्या अंगात खरंच आलं होतं का?"

त्यांनी टेबलावर हात ठेवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बरं झायं सुमन, तू चष्मा काढी ठेयेल व्हता. नही ते तुले दिसी जातं... रानबाई रडी राह्यनी व्हती."